संशोधनाचा पेपर आधी सगळ्यांसाठी खुला ठेवा, मग प्रमोशनला मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी संस्थांना संशोधनाची जर्नल्स फुकट वाचायला देणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि तेव्हापासून ओळखीतले लोक मला विचारतात, काय मॅडम, आता तर सगळी जर्नल्स फुकट झाली ना, मग तुमचं काय अडलंय. अडलंय ते असं की आमचं कॉलेज त्यात नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित फार्मसी कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि ही योजना सध्या केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठीच आहे, खाजगी कॉलेजांचा विचार पुढच्या टप्प्यात होईल असं म्हटलंय. आपल्या राज्यात फार्मसीची आणि इंजिनिअरिंगची किती मुलं खाजगी कॉलेजांत शिकतात ते मी तुमच्या वाचकांना सांगायला नको, प्रत्येकाच्या घरात नाहीतर शेजारी एक तरी आहे.

पण आमचंही कॉलेज घ्या एवढंच म्हणायला हे पत्र नाही. योजना चांगलीच आहे हे आधी सांगते. ६,३०० च्या वर संस्था, १ कोटी ८० लाखांच्या आसपास विद्यार्थी-शिक्षक-संशोधक, ३० प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० जर्नल्स. नंदुरबारच्या सरकारी कॉलेजातली मुलगी आता तीच जर्नल्स उघडू शकते जी आयआयटीतला मुलगा उघडतो, हे याआधी कधी नव्हतं आणि ज्यांनी हे घडवून आणलं त्यांचे आभारच मानायला हवेत. माझं म्हणणं वेगळंय. २०२५ ते २०२७ अशा ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवलेत आणि हे सगळं भाडं आहे, घर आपल्या नावावर होत नाही. करार संपला की पुन्हा वाटाघाटी, पुन्हा नवीन आकडा. आणि ज्या संशोधनासाठी आपण हे भाडं भरतोय त्यातलं बरंचसं आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच टॅक्सच्या पैशातून झालंय.

आमच्याकडे एम.फार्म.ची एक मुलगी बेडकीच्या पाल्यावर काम करत होती, हीच ती मधुनाशिनी, आपल्याकडे डोंगरात मिळते आणि डायबेटीससाठी तिच्यावर बरंच काम झालंय. तिला एक पेपर हवा होता. पेपर भारतीय शास्त्रज्ञांचा, काम भारतातल्या सरकारी लॅबमधलं, शेवटी आभारात सरकारी ग्रँटचा नंबर दिलेला, आणि वेबसाइटवर फक्त पंधरा ओळींचा सारांश आणि खाली किंमत, डॉलरमध्ये. असे पेपर साधारण ३० ते ४० डॉलरला असतात, म्हणजे तीन हजाराच्या घरात, एक पेपर. डिझर्टेशनला असे पन्नास-साठ तरी पेपर चाळावे लागतात. मग आम्ही जे नेहमी करतो तेच केलं, पेपरची फुकट प्रत शोधून देणारं अनपेवॉल लावून बघितलं, पबमेड सेंट्रल या वैद्यकीय पेपरांच्या खुल्या साइटवर बघितलं, डेलनेट या लायब्रऱ्यांच्या जाळ्यातून दुसऱ्या लायब्ररीकडे मागितला, आणि शेवटी पेपर लिहिणाऱ्या सरांनाच मेल केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी पीडीएफ पाठवली, वर लिहिलं की आणखी काही लागलं तर सांगा. माणसं चांगलीच असतात हो, मी आजवर मेल केलेल्या बहुतेक शास्त्रज्ञांनी पेपर दिलेत. पण सरांचा मेल आयडी बदललेला असता तर, ते रिटायर झाले असते तर, मुलीला मेल करायचा संकोच वाटला असता तर (बहुतेकांना वाटतो), तर ती त्या पेपरशिवायच पुढे गेली असती.

या धंद्यातला पैसा कसा फिरतो हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो दोनदा विचारतो, खरंच असं आहे का. शास्त्रज्ञाचा पगार सरकार देतं, केमिकल आणि मशीन सरकार देतं, तो पेपर लिहितो त्याचे त्याला काही मिळत नाहीत, पेपर तपासणारे दुसरे शास्त्रज्ञ तेही फुकट तपासतात, मग कॉपीराइट सही करून प्रकाशकाला द्यायचा, आणि मग तोच पेपर वाचायला त्याच सरकारच्या लायब्ररीने सबस्क्रिप्शन भरायचं. एल्सेव्हियर ही मोठी प्रकाशन संस्था ज्या रेलेक्स कंपनीची आहे तिच्या जर्नल विभागाचा नफा २०२३ मध्ये साधारण ३८ टक्के होता. प्रकाशक काहीच करत नाहीत असं मी म्हणणार नाही, एडिटिंग आहे, वेबसाइट आहे, जुनं सगळं जपून ठेवणं आहे, त्याला खर्च येतो. पण शंभरातले ३८ नफा म्हणजे खर्चाच्या मानाने किंमत किती चढी आहे ते दिसतंच.

आता वाचणारा कोण आहे ते बघा. लोकांना वाटतं रिसर्च पेपर फक्त पीएचडीवाले वाचतात. तासगाव भागातले एक द्राक्ष बागायतदार, त्यांची मुलगी आमच्याकडे बी.फार्म.ला आहे, ते माझ्याकडे आले होते. डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगावर ते जे औषध मारत होते त्याचा परिणाम कमी झाल्यासारखं वाटत होतं आणि बुरशीत औषधाला रेझिस्टन्स येतो का यावर कुठे काही छापलंय का हे त्यांना बघायचं होतं. दुकानदार सांगेल ते औषध मारण्यापेक्षा स्वतः वाचून ठरवू म्हणणारा हा माणूस, इंग्रजी वाचतो, आकडे समजतात. पण त्याला कोणत्याच योजनेत लॉगिन नाही. तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला नाही, शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकाला नाही, एखाद्या दुर्मिळ आजाराच्या पेशंटच्या आई-वडिलांना नाही, आणि तुमच्या वर्तमानपत्रातल्या आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकारालाही नाही. संस्थेला लॉगिन द्यायचं म्हटलं की जो संस्थेत नाही तो कायमच बाहेर राहतो, टप्पे कितीही वाढवा.

पेपर बंद असल्याने काय होतं याचं लायबेरियाचं उदाहरण मला विसरता येत नाही. २०१४ मध्ये तिथे इबोला पसरला, नुसत्या लायबेरियात ४,८०० हून जास्त माणसं गेली. तेव्हा सगळे म्हणत होते की पश्चिम आफ्रिकेत हा आजार कधी नव्हताच. पण १९८२ मध्येच युरोपातल्या एका जर्नलमध्ये पेपर छापून आला होता, लायबेरियातल्याच लोकांचं रक्त तपासून, त्यात इबोलाच्या अँटीबॉडी सापडल्या होत्या आणि लायबेरियाला इबोलाच्या पट्ट्यात धरा, तिथल्या दवाखान्यांना सावध करा असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. २०१५ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहीर लिहिलं की हा पेपर आमच्यापर्यंत आलाच नाही, तो आजही डाउनलोड करायला ४५ डॉलर पडतात आणि आमच्या डॉक्टरचा तो अर्ध्या आठवड्याचा पगार आहे. लेखकांमध्ये लायबेरियाचा एकही माणूस नव्हता. रक्त त्यांचं, इशारा त्यांच्यासाठी, आणि तो पैसे भरल्याशिवाय वाचता न येणाऱ्या जागी पडून. नुसता पेपर वाचला असता तर साथ आलीच नसती असं कोणी म्हणणार नाही, पण दवाखान्यातल्या नर्सनी हातमोजे तरी आधी मागवले असते.

आणि उलटं उदाहरण आपल्या घरचंच आहे, हळदीचं. आमच्या सांगलीचं मार्केटच हळदीवर उभं आहे म्हणून इथे ते शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेने ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. आजी लावायची हे सांगून पेटंट ऑफिस ऐकत नाही, त्यांना छापील पुरावा लागतो, आणि त्या पुराव्यात १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला लेख होता. तो छापलेला होता आणि शोधणाऱ्याला सापडला, म्हणून आपण जिंकलो. संशोधन झालं, छापलं, पण शोधणाऱ्याच्या हाताला लागेना, तर अशा वेळी ते असून नसल्यासारखंच.

मग ओपन अॅक्सेस करा की, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचू द्या, असं कोणीही म्हणेल. इथे एक मोठा घोळ आहे आणि तो नीट समजून घ्यायला पाहिजे. मोठ्या प्रकाशकांनी ओपन अॅक्सेसचा अर्थ असा लावलाय की वाचणाऱ्याने पैसे द्यायचे नसतील तर लिहिणाऱ्याने द्यायचे. याला एपीसी म्हणतात. 'नेचर'ने २०२१ पासून एका पेपरला ९,५०० युरो घ्यायला सुरुवात केली, म्हणजे तेव्हाचे साडेआठ लाखाच्या आसपास रुपये. आपल्याकडे जेआरएफ ही संशोधनाची सरकारी फेलोशिप मिळालेल्या मुलाला महिन्याला ३७,००० फेलोशिप असते, म्हणजे हा एका पेपरचा खर्च त्याच्या जवळजवळ दोन वर्षांच्या फेलोशिपएवढा. गरीब देशांना प्रकाशक फी माफ करतात, फुकट अॅक्सेसही देतात, रिसर्च फॉर लाइफ नावाचा कार्यक्रम आहे, पण त्या यादीत भारत नाही. म्हणजे सवलत मिळण्याइतके आपण गरीब नाही आणि युरोतली फी भरण्याइतकी आपली विद्यापीठं श्रीमंत नाहीत. ही पद्धत आली तर आज आमच्या पोरांना वाचता येत नाही आणि उद्या लिहिता येणार नाही एवढाच फरक पडेल.

आणि याच एपीसीच्या पद्धतीमुळे बोगस जर्नल्सचं पीक आलं. हजार-दोन हजार घ्या, आठ दिवसांत छापा. आपल्याकडे त्याला गिऱ्हाईक तयारच होतं कारण प्रमोशनला पेपर मोजतात, कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकला पेपर मोजतात, वाचतं कोण? पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य जर्नल्सच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल्स तपासली, आणि त्या तपासलेल्यांतली ८८ टक्के दर्जाला उतरत नव्हती. हा पेपर 'करंट सायन्स'मध्ये आला आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो. त्याच वर्षी मे मध्ये यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. त्यामुळे झालं काय की आमच्याकडच्या सीनियर प्राध्यापकांच्या डोक्यात ओपन अॅक्सेस म्हणजे बोगस हे पक्कं बसलं. ते काढायला मला फार बोलावं लागतं.

कारण चांगली, फुकट वाचता येणारी आणि लेखकाकडूनही पैसे न घेणारी जर्नल्स आपल्याच राज्यात निघालीत. मुंबईत परळच्या सेठ जी.एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटलच्या स्टाफ सोसायटीचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन', १९५५ पासूनचं. इंटरनेट आल्यावर त्यांनी ते सगळ्यांना खुलं केलं, लेखकांकडून फी न घेता, आणि नंतर मोजून बघितलं तर खुलं केल्यावर जुन्या लेखांचे सायटेशनसुद्धा, म्हणजे दुसऱ्या पेपरांत दिलेले त्यांचे संदर्भ, वाढले होते. महापालिकेच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ड्यूटी सांभाळून हे केलं, याचा मला खरंच अभिमान वाटतो. मुंबईचंच 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' १९९३ पासून चालू आहे, तेही खुलं. ब्राझीलमध्ये तर १९९० च्या दशकाच्या शेवटी सायेलो हे खुल्या जर्नल्सचं ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं आणि आज लॅटिन अमेरिकेतली कितीतरी देशांची जर्नल्स त्यावर सार्वजनिक पैशातून चालतात. आपल्या सरकारला जमणार नाही असं त्यात काही नाही.

पण नवीन जर्नल उभं करायला वेळ लागतो आणि मला आज, या वर्षी होण्यासारखी गोष्ट सांगायची आहे. पेपर कुठल्याही जर्नलला पाठवा, मोठ्या पाठवा, बंद असलेल्या पाठवा. जर्नलने पेपर स्वीकारला की लेखकाच्या कॉम्प्युटरवर जी शेवटची फाईल असते, तपासणाऱ्यांच्या सूचनांप्रमाणे दुरुस्त केलेली, पण प्रकाशकाने पानं लावण्याआधीची, ती बहुतेक मोठे प्रकाशक संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे पेपर जमा करायच्या ऑनलाइन संग्रहात, ठेवू देतात. कोणी लगेच, कोणी वर्षा-दोन वर्षांनी. कोणतं जर्नल काय परवानगी देतं हे ओपन पॉलिसी फाइंडर (आधीचं शेर्पा रोमिओ) या साइटवर नाव टाकलं की एका मिनिटात कळतं. यात कायदा मोडत नाही, एपीसी लागत नाही, प्रकाशकाशी भांडण नाही. भौतिकशास्त्रवाले तर १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या खुल्या साइटवर हे करतायत, जर्नलला पाठवायच्या आधीच टाकतात, आणि त्यामुळे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतला शास्त्रज्ञ आणि एखाद्या खेड्यातला खगोलाचा नाद असलेला शिक्षक एकाच दिवशी तोच पेपर वाचतो.

आणि हा नियम आपल्याकडे आहेच! केंद्राच्या जैवतंत्रज्ञान (डीबीटी) आणि विज्ञान-तंत्रज्ञान (डीएसटी) या दोन खात्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये धोरण काढलं की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा पेपर स्वीकारला गेला की दोन आठवड्यांत रिपॉझिटरीत जमा करा. त्याच्या आधी २०१३ मध्ये आयसीएआरने (भारतीय कृषी संशोधन परिषदेने) शेतीच्या संशोधनासाठी असंच धोरण काढलं. ते पाळलं गेलं असतं तर ते तासगावचे बागायतदार माझ्याकडे आलेच नसते, मोबाईलवरच त्यांना सापडलं असतं. पाळलं गेलं नाही कारण नाही पाळलं तर काहीच होत नाही. कोणी विचारत नाही, कशाला अडत नाही.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने यावर साधा उपाय काढला. तिथले तेव्हाचे कुलगुरू बर्नार्ड रेंतिए यांनी ठरवलं की प्रमोशनच्या वेळी समितीसमोर फक्त तेच पेपर येतील जे विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत जमा आहेत. जमा नाही तर मोजणार नाही. बाकी काही दंड नाही. ऑर्बी नावाची ती रिपॉझिटरी २००८ मध्ये सुरू झाली आणि भराभर भरली, कारण प्रमोशन सगळ्यांनाच हवं असतं. अमेरिकेत आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेने तर १ जुलै २०२५ पासून पेपर छापला त्याच दिवशी खुला पाहिजे असं केलंय.

आपल्याकडेही असं होतं याचा पुरावा शोधगंगा आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची ही साइट, तिच्यावर देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो पीएचडी प्रबंध आहेत, मराठीतलेही भरपूर, संत साहित्यापासून दलित आत्मकथनांपर्यंत. हे लोकांनी हौसेने नाही टाकले. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत दिल्याशिवाय पुढचं होणार नाही असं यूजीसीने केलं म्हणून झालं. जे प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात होते ते आज माझी बी.फार्म.ची मुलं बसल्या जागी वाचतात. प्रबंधाला जमलं ते पेपरला का जमू नये?

म्हणून राज्यातल्या विद्यापीठांकडे आणि उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे माझी एकच मागणी आहे. प्राध्यापकांच्या कॅसच्या, म्हणजे प्रमोशनच्या, फाईलमध्ये, जिथे पेपरची यादी लिहितात, तिथे एक रकाना वाढवा, रिपॉझिटरीची लिंक. लिंक नाही त्या पेपरला गुण नाही. जर्नलची मुदत असेल तर फाईल आत्ता जमा करा आणि ती मुदत संपल्यावर आपोआप उघडेल, सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. सॉफ्टवेअरही फुकट आहे, डीस्पेस, शोधगंगा त्याच्यावरच चालते. ज्या कॉलेजाकडे सर्व्हर नाही त्यांना जिनिव्हाच्या सर्न या संशोधन संस्थेची झेनोडो ही रिपॉझिटरी आहे, तिथे कोणीही फुकट जमा करू शकतं.

प्राध्यापक म्हणतील आणखी एक काम वाढवलं, आधीच फॉर्म भरून जीव जातो. बरोबर आहे त्यांचं, खरंच फार कागद भरायला लावतात. म्हणून हे काम ग्रंथपालांना द्या. राज्यात कितीतरी कॉलेजांत ग्रंथपालाची पदं वर्षानुवर्षं भरलेली नाहीत, ती भरा, आणि जे आहेत त्यांना फक्त पुस्तकं देण्याघेण्याला आणि नॅकच्या फाईली लावायला न वापरता हे काम द्या. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकण्यासारखं आहे. आणखी एक काळजी असते की स्वीकारलेली प्रत आणि छापलेली प्रत वेगळी दिसते, मग लोक चुकीचं वाचतील. मजकूर, आकडे, तक्ते तेच असतात, पानं वेगळी दिसतात, आणि वर मूळ जर्नलमधल्या पेपरचा डीओआय (त्याचा कायमचा ऑनलाइन नंबर) द्यायचा म्हणजे ज्याला सायटेशन द्यायचं तो तिथलं देईल.

मुलं वाट बघत बसत नाहीत हेही लक्षात घ्या. बंद पेपर प्रकाशकांच्या परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या साय-हब या साइटवरून २०१५-१६ च्या सहा महिन्यांत ३४ लाख डाउनलोड एकट्या भारतातून झाले होते, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली हायकोर्टाने प्रकाशकांच्या दाव्यात ती साइट ब्लॉक करायला सांगितली. कोर्टाने कायद्याप्रमाणे केलं, मी माझ्या विद्यार्थ्यांना तिकडे जा असं कधी सांगितलेलं नाही. पण एक रस्ता बंद केला तर दुसरा, सरळ रस्ता उघडायची जबाबदारी कोणाची तरी असायला हवी, आणि तो रस्ता २०१४ पासून सरकारी कागदावर आखून ठेवलेला आहे.

हे पत्र वाचणाऱ्या प्राध्यापकांना आणि शास्त्रज्ञांना विनंती, विद्यापीठ रकाना वाढवेपर्यंत थांबू नका. तुमच्या गेल्या पाच वर्षांतल्या पेपरांच्या त्या शेवटच्या वर्ड फाईली शोधा, बहुतेक मेलमध्ये पडलेल्या असतील, आणि तुमच्या लायब्ररीत नेऊन द्या. परवानगी कोणत्या जर्नलची आहे ते आम्ही बघतो, अपलोड आम्ही करतो.

आपली,
एक ग्रंथपाल
जि. सांगली